न जुळलेल्या नोंदींच्या मागावर

बीदर, भालकी, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातल्या अनेक वयस्कर खातेदारांच्या तोंडी अजून 'हैदराबाद बँक' हेच नाव आहे. निजामाच्या राजवटीत १९४१ साली ही बँक निघाली. उस्मानिया सिक्क्याचा कारभार तिच्याकडे होता. १९५६ मध्ये ती रिझर्व्ह बँकेच्या मालकीची होऊन स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली, १९५९ च्या कायद्याने स्टेट बँकेच्या कुटुंबात आली आणि १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेतच विलीन झाली. तुरीची पट्टी, उसाचं बिल, मास्तरांचा पगार, विधवेचं पेन्शन असा सगळा पैसा पिढ्यानपिढ्या याच खिडकीतून आला-गेला. पैसा स्टेट बँकेत आहे म्हणजे सरकारात आहे, असं मानूनच माणसं निर्धास्त राहिली.

एप्रिल १९९२ मध्ये त्याच कुटुंबाच्या थोरल्या घरात, मुंबईच्या स्टेट बँकेत, एक हिशेब जुळत नव्हता. केंद्र सरकारच्या साडेअकरा टक्के व्याजाच्या, २०१० साली मुदत संपणाऱ्या रोख्यांची रक्कम बँकेच्या वहीत १७४४.९५ कोटी रुपये होती. रिझर्व्ह बँकेच्या लोक ऋण कार्यालयातली नोंद सांगत होती ११७०.९५ कोटी. फरक ५७४ कोटींचा. पैसे गेले होते, पण रोखे आलेच नव्हते.

२३ एप्रिलच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त बातमी आली की स्टेट बँकेने एका बड्या ब्रोकरला ५०० कोटींच्या घरातली थकबाकी मिटवायला सांगितलं आहे. बातमीत त्याचं नाव नव्हतं, 'बिग बुल' एवढाच उल्लेख होता. पण तो म्हणजे हर्षद मेहता, हे शेअर बाजारातल्या शिपायालाही कळलं. बातमी देणाऱ्या सुचेता दलाल तेव्हा तिशीत होत्या.

त्यांचा जन्म १९६२ सालचा, मुंबईचा. शाळा मात्र बेळगावची, सेंट जोसेफ कॉन्व्हेंट, आणि पदवी धारवाडच्या कर्नाटक कॉलेजची, संख्याशास्त्रातली. गुलबर्गा विद्यापीठ १९८० साली स्वतंत्र झालं. त्याआधी बीदर-गुलबर्ग्याची मुलंही धारवाडच्याच कर्नाटक विद्यापीठाच्या पदव्या घेत होती. म्हणजे देशातला सर्वांत गाजलेला आर्थिक घोटाळा बाहेर काढणारी पत्रकार याच मुलुखातल्या शिक्षणव्यवस्थेतून पुढे गेली. नंतर मुंबई विद्यापीठातून त्यांनी एलएल.बी. आणि एलएल.एम. केलं. आकड्यांची सवय आणि कायद्याची जाण अशी ही शिदोरी होती. त्या काळी मराठी काय, इंग्रजी काय, वृत्तपत्रांच्या वाणिज्य पानावर कंपन्यांची निवेदनं आणि बाजारभाव यांच्यापलीकडे फारसं काही नसे. तिथे ही शिदोरी दुर्मीळ होती.

१९८४ मध्ये त्यांनी 'फॉर्च्यून इंडिया' या गुंतवणूकविषयक मासिकातून सुरुवात केली. पुढे 'बिझनेस स्टँडर्ड', 'इकॉनॉमिक टाइम्स' आणि मग 'टाइम्स ऑफ इंडिया'. ही वाट लक्षात घ्यायला हवी. १९९२ ची बातमी एका फोनमुळे नशिबाने हाती लागली, असं सांगायला सोपं जातं. बातमीदाराला खबर मिळालीच होती. पण कुणीतरी येऊन 'स्टेट बँकेच्या रोख्यांचा ताळा लागत नाही' असं सांगितलं, तर त्या वाक्याचा अर्थ समजणारे किती पत्रकार तेव्हा मुंबईत होते? आठ वर्षं बाजार, बँका आणि ब्रोकर यांच्यात वावरल्यावरच तसं वाक्य ऐकून कान टवकारले जातात.

तो अर्थ आता नीट उलगडायला हवा, कारण हर्षद मेहतांच्या आलिशान घराच्या आणि लेक्सस मोटारीच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात आणि मूळ युक्ती मात्र फारच थोड्यांना.

त्या वेळी बँकांना ठेवींपैकी ३८.५ टक्के रक्कम सरकारी रोख्यांत गुंतवून ठेवणं बंधनकारक होतं. कधी एखाद्या बँकेकडे रोखे जास्त आणि रोख कमी, कधी उलट. मग बँका आपापसांत 'रेडी फॉरवर्ड' व्यवहार करत. आज रोखे विकायचे आणि पंधरा दिवसांनी थोड्या चढ्या किमतीला परत घ्यायचे. नाव विक्रीचं, काम थोड्या दिवसांच्या कर्जाचं. जोडी जुळवून द्यायला मध्ये ब्रोकर असे. नियमाप्रमाणे त्याने फक्त गाठ घालून द्यायची, पैसा बँकेकडून बँकेकडे जायचा. प्रत्यक्षात धनादेश समोरच्या बँकेच्या नावाने निघत आणि ब्रोकरच्या खात्यात जमा होत. बँकांनीच ही सवलत रुळवली होती. रोख्यांची मालकी लोक ऋण कार्यालयात हाताने लिहिल्या जाणाऱ्या वह्यांत बदलत असे आणि त्याला वेळ लागे. म्हणून प्रत्यक्ष रोख्यांऐवजी 'बँक रिसीट', बोलीभाषेत बीआर, नावाचा एक कागद फिरे. 'आम्ही तुम्हाला रोखे विकले आहेत, ते तुमच्यासाठी आमच्याकडे आहेत' अशी ती पावती.

पावतीमागे रोखे नसतील तर? पंधरा दिवस कुणालाच कळणार नाही. आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्या बँकेकडून तसेच पैसे उचलून पहिलीचे फेडले, तर महिनोन् महिने कळणार नाही. मधल्या काळात तो पैसा शेअर बाजारात. १९९२ साली सेन्सेक्सने १५ जानेवारीला २०००, २९ फेब्रुवारीला ३००० आणि ३० मार्चला ४००० चा टप्पा ओलांडला. एसीसी सिमेंटचा शेअर काही महिन्यांत नऊ हजारांच्या आसपास गेला. ही चढण पाहून लहान गावांतल्या नोकरदारांनीही भविष्यनिर्वाह निधीचे पैसे काढून शेअर घेतले. त्यांच्या खरेदीने भाव आणखी वर गेले. पाया मात्र बँकांच्या ठेवीदारांचा होता आणि त्या ठेवीदारांना याची गंधवार्ताही नव्हती.

स्टेट बँकेचा तगादा लागल्यावर मेहतांनी पैसे भरले. भरले ते कुठून? मुख्यतः नॅशनल हाउसिंग बँकेच्या धनादेशांतून. ही बँक तेव्हा रिझर्व्ह बँकेच्याच संपूर्ण मालकीची होती! एका सरकारी संस्थेचा खड्डा दुसऱ्या सरकारी संस्थेच्या पैशाने बुजवला गेला. नॅशनल हाउसिंग बँकेचे अध्यक्ष मनोहर फेरवानी यांनी मे १९९२ मध्ये राजीनामा दिला आणि त्याच महिन्यात त्यांचं निधन झालं.

बातमीनंतर पाचव्या दिवशी, २८ एप्रिलला, सेन्सेक्स एका दिवसात ५७० अंकांनी, म्हणजे पावणेतेरा टक्क्यांनी कोसळला. ३० एप्रिलला रिझर्व्ह बँकेने डेप्युटी गव्हर्नर आर. जानकीरामन यांची समिती नेमली. समितीने पुढे जो आकडा मांडला तो चार हजार कोटींच्या वर होता. जूनमध्ये मेहतांना केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. खास न्यायालयासाठी वटहुकूम निघाला आणि संसदेची संयुक्त समिती बसली.

बनावट पावत्यांचा धागा महाराष्ट्रातल्या एका लहान बँकेपर्यंतही गेला. बँक ऑफ कराडने स्वतःच्या कुवतीच्या कितीतरी पट रकमांच्या पावत्या दिल्या होत्या. सातारा जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांची आणि शेतकऱ्यांची ही बँक १९९२ मध्येच कोलमडली आणि १९९४ साली बँक ऑफ इंडियाने ती सामावून घेतली. मोठ्या घोटाळ्याच्या इतिहासात कराडला जेमतेम एखादी ओळ मिळते. त्या बँकेच्या खातेदारांसाठी तीच ओळ सबंध घोटाळा होती.

पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, सुचेता दलाल आणि पत्रकार देबाशिष बसू यांचं 'द स्कॅम' हे पुस्तक आलं. कोण जिंकलं, कोण हरलं, कोण निसटलं, असं त्याचं उपशीर्षक सांगतं. पुस्तकाचं बळ या तिसऱ्या प्रश्नात आहे. वृत्तपत्रांना एक खलनायक पुरत होता. पुस्तकाने मात्र विदेशी बँका, सरकारी बँकांचे रोखे विभाग, इतर ब्रोकर आणि झोपलेले नियंत्रक असा सगळा पट मांडला. जे व्यवहार मेहतांनी केले ते इतरही करत होते. बाजार चढवणाऱ्यांइतकेच पाडणारेही त्याच बँकांच्या पैशावर खेळत होते. हर्षद मेहता ३१ डिसेंबर २००१ रोजी कोठडीत असतानाच ठाण्याच्या रुग्णालयात वारले. त्यांच्या मालमत्तांचे आणि देण्यांचे खटले त्यानंतरही वर्षानुवर्षं चालू राहिले. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हन्सल मेहता यांनी याच पुस्तकावर 'स्कॅम १९९२' ही मालिका केली. श्रेया धन्वंतरी यांनी सुचेता दलाल साकारल्या आणि १९९२ नंतर जन्मलेल्या पिढीला हे नाव कळलं. मालिका देखणी आहे. पण पडद्यावर नायकपण शेवटी हर्षदकडेच जातं आणि बुडालेला माणूस चौकटीबाहेर राहतो, ही खंत उरतेच.

पत्रकाराच्या कारकिर्दीत एक मोठी बातमी आली की पुढचा काळ तिच्या आठवणींवर काढायचा मोह असतो. सुचेता दलाल यांनी तसं केलं नाही. चमेलीदेवी जैन पुरस्कार मिळाला, 'टाइम्स'च्या वित्त संपादक म्हणून त्या १९९८ पर्यंत राहिल्या, मग 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये सल्लागार संपादक झाल्या. गुहागरच्या एन्रॉन वीज प्रकल्पावर त्यांनी लिहिलं, आयडीबीआयच्या कारभारावर लिहिलं. १९९७ च्या मे महिन्यात सी. आर. भन्साळींचा सीआरबी समूह मुदत ठेवी घेऊन बसला. २००१ मध्ये ब्रोकर केतन पारेखचं प्रकरण आलं. नऊ वर्षांनी सोंग बदललं होतं, नाटक तेच होतं. या वेळी पैसा अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेतून गेला. पुरेसे पैसे जमा नसताना पे-ऑर्डर निघाल्या, ठेवीदारांची रांग लागली आणि गुजरातेतल्या कितीतरी लहान नागरी बँकांच्या माधवपुऱ्यात ठेवलेल्या रकमा अडकल्या. बाजार पडला तसं जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टने यूएस-६४ ची खरेदी-विक्री थांबवली. सरकारी योजना म्हणून निवृत्त माणसांनी डोळे मिटून घेतलेली ती युनिट्स होती.

मधल्या काळात, २००० साली, त्यांनी ए. डी. श्रॉफ यांचं चरित्र लिहिलं. १९४४ च्या मुंबई योजनेचे एक कर्ते, ब्रेटन वुड्स परिषदेला गेलेले आणि १९५६ मध्ये फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज स्थापन करणारे हे अर्थतज्ज्ञ आज विस्मृतीत गेले आहेत. घोटाळ्यांच्या पत्रकाराने असा विषय घ्यावा याचं नवल वाटायचं कारण नाही. ज्याला मुक्त बाजार हवा असतो त्यालाच बाजारातली लबाडी जास्त बोचते.

२००६ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी बसू यांनी 'मनीलाइफ' हे पाक्षिक सुरू केलं. सुचेता दलाल पुढे तिथेच गेल्या. २०१० साली दोघांनी मनीलाइफ फाउंडेशन ही संस्था काढली. गुंतवणूकदारांसाठी कार्यशाळा, तक्रारींत मदत, नियामकांना निवेदनं, वेळ पडली तर न्यायालय. मोठ्या वृत्तपत्राची छत्री सोडून छोट्या प्रकाशनात जाणं म्हणजे मागे उभा राहणारा बलाढ्य मालक गमावणं. याची कसोटी पाच वर्षांतच लागली.

जानेवारी २०१५ मध्ये कुणा निनावी जाणकाराने शेअर बाजाराच्या नियामकाला, म्हणजे सेबीला, पत्र लिहिलं आणि त्याची प्रत सुचेता दलाल यांना पाठवली. विषय होता राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, आणि त्याची को-लोकेशन सेवा. ब्रोकरांनी आपले संगणक बाजाराच्या आवारातच ठेवायचे, म्हणजे भावांची माहिती त्यांना लवकर मिळते. आरोप असा की त्या वेळच्या यंत्रणेत माहिती एकेकाला क्रमाने जात असे. सकाळी जो सर्वांत आधी जोडला जाईल त्याला ती इतरांआधी मिळे आणि काही निवडक ब्रोकरांना ही पहिली जागा सतत मिळत होती. फरक सेकंदाच्या अगदी लहान अंशाचा. यंत्रांनी चालणाऱ्या व्यवहारात तेवढा अंशही पैशाचा असतो.

पत्र आलं म्हणून छापलं नाही. त्यातला तांत्रिक तपशील तपासला, एनएसई आणि सेबी दोघांनाही प्रश्न पाठवले, उत्तराची वाट पाहिली. उत्तर आलं नाही तेव्हा १९ जूनला लेख प्रसिद्ध झाला. एनएसईने मुंबई उच्च न्यायालयात शंभर कोटींचा बदनामीचा दावा लावला आणि लेख काढून टाकण्याचा हुकूम मागितला. ९ सप्टेंबर २०१५ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती मागणी फेटाळली. उलट दोघा पत्रकारांना प्रत्येकी दीड लाख आणि मुंबईतल्या रुग्णालयांना मिळून ४७ लाख रुपये द्यावेत असा आदेश बाजारालाच दिला. छापण्याआधी विचारणा केली होती, हा मुद्दा निकालात वजनाचा ठरला. ज्या ईमेलना एनएसईने उत्तर दिलं नाही, त्यांनीच पत्रकारांचा बचाव केला.

पुढची वाट सरळ नाही आणि ती आहे तशीच सांगायला हवी. ३० एप्रिल २०१९ रोजी सेबीने एनएसईला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सेबीच्या दुसऱ्या आदेशातून उघड झालं की माजी प्रमुख चित्रा रामकृष्ण बाजाराची गोपनीय माहिती एका अज्ञात 'योग्या'ला ईमेलने कळवत होत्या. मार्चमध्ये त्यांना अटक झाली. पण जानेवारी २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ती ६२४.८९ कोटींची वसुली रद्द केली आणि काळजी घेण्यात कसूर झाली म्हणून १०० कोटी भरायला सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने संगनमताचा आरोप पुरेशा पुराव्याअभावी सोडून दिला. दलाल आणि बसू यांनी २०२१ मध्ये या प्रकरणाचं 'अ‍ॅब्सोल्यूट पॉवर' हे पुस्तक केलं ते यातला बराचसा घटनाक्रम घडण्याआधीच. शोधपत्रकाराने विचारलेला प्रश्न रास्त असू शकतो आणि तरी कायद्याच्या पुराव्याला तो पुरेसा ठरत नाही, असं होतं. तेवढ्याने प्रश्न विचारणं चूक ठरत नाही.

परदेशातही हेच दिसतं. अमेरिकेत मार्च २००१ मध्ये 'फॉर्च्यून'च्या बेथनी मॅकलीन यांनी एन्रॉन नक्की पैसा कमावते कसा, असं साध्या भाषेत विचारलं. डिसेंबरात कंपनीने दिवाळं काढलं. जर्मनीत वायरकार्डविषयी लिहिणाऱ्या 'फायनान्शियल टाइम्स'च्या पत्रकारांवर तिथल्या नियामकानेच २०१९ मध्ये फौजदारी तक्रार केली. जून २०२० मध्ये कंपनीच्या ताळेबंदातले १९० कोटी युरो अस्तित्वातच नसल्याचं बाहेर आलं. तिन्ही देशांत मूळ काम एकच होतं, वहीतली शिल्लक खरोखर कुठे आहे हे विचारण्याचं.

हे काम बीदर-कलबुर्गीत कोण करतं?

इथल्या माणसाची बचत शेअर बाजारात थोडी आणि आजूबाजूला फार असते. दुकानावर रोज येणारा पिग्मी एजंट, गल्लीतली भिशी, तालुक्याच्या गावची सौहार्द सहकारी, सीमेपलीकडची पतसंस्था. पिग्मीची कल्पनाच कर्नाटकातली. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने, तेव्हाच्या वेगळ्या नावाने, १९२८ मध्ये ती सुरू केली आणि हातावर पोट असणाऱ्यांना बचत जमू लागली. सौहार्द संस्था १९९७ च्या कर्नाटकी कायद्याने आल्या. यातल्या बहुतेक संस्था सचोटीने चालतात. पण बीदरचा माणूस उदगीरच्या, बसवकल्याणचा उमरग्याच्या किंवा आळंदचा अक्कलकोटच्या संस्थेत पैसे ठेवतो तेव्हा त्याच्या ठेवीवर दुसऱ्याच राज्याच्या निबंधकाची नजर असते. संस्था बहुराज्यीय असेल तर निबंधक थेट दिल्लीत. ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा, कर्नाटकाचा २००४ चा. पैसे अडकले की तक्रार कुठे, भालकीत की उदगीरला, इथूनच धावपळ सुरू होते. शिवाय कर्नाटकातल्या संस्थांचे अहवाल बहुधा कानडीत आणि ठेवीदारांतले कित्येक जण मराठी किंवा उर्दू वाचणारे.

सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते. एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जं हजारो बनावट खात्यांआड लपवली होती. जानेवारी २०२० मध्ये बेंगळुरूच्या गुरु राघवेंद्र सहकारी बँकेवर तशीच वेळ आली, मर्यादा ३५ हजारांची. ठेवीदारांच्या आक्रोशानंतर ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळावी अशी दुरुस्ती २०२१ मध्ये झाली. अशा सुधारणांसाठी मनीलाइफ फाउंडेशनसारख्या संस्था आणि ठेवीदारांचे गट वर्षानुवर्षं लिहीत आणि भांडत आले होते.

हा विमा मात्र बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेला नाही, सौहार्द सहकारीला नाही, भिशीला नाही. तालुक्याच्या वार्ताहराने सप्टेंबरच्या वार्षिक सभेला जाऊन लेखापरीक्षकाचा शेरा, थकीत कर्जाची रक्कम आणि संचालकांच्या नातेवाइकांना दिलेल्या कर्जाचा तक्ता एवढी तीन पानं मागितली, आणि ती मराठीत छापली, तर त्या गावच्या ठेवीदाराला ठेव मोडायची की ठेवायची हे दिवाळीआधी ठरवता येईल.